पार्सलचा दगड

"दादा, दगडावर ठेवा."

वैनींनी व्हरांड्यातनंच सांगितलं. मी ठेवलं. दोन पावलं मागं सरकलो, मोबाईल काढला, फोटो मारला. मधी पार्सल, खाली दगड, मागं आंब्याचं खोड. माल पोचला याचा पुरावा म्हणून आमाला फोटो काढावा लागतो. तेवढ्यात आप्पा, म्हंजे वैनींचे सासरे, फवाऱ्याची बाटली घेऊन तीन पायऱ्या उतरले. हसतच. पार्सलवर सॅनिटायझर मारायला बाटली दाबली, तर नुसतंच फुस्स झालं. बाटली रिकामी.

गप उभं राहायचं की न्हाई मी? पण न्हाई. मी म्हणालो, "आप्पा, थांबा. माझ्याकडं हाय की."

गाडीच्या डिकीतनं माझी बाटली काढली. भरलेली होती. हात पुढं केला. आप्पांनी बाटलीकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं बघितलं.

"राहू दे रं," म्हणाले. "आत दुसरी हाय."

आणि आत गेले. मी बाटली धरून तितंच उभा. दुसरी बाटली आली. पार्सलला चारी अंगानं फवारा. मग दगडाला फवारा. मग वैनी खाली आल्या आणि पार्सल उचलून घेऊन गेल्या. मी म्हणालो, "येतो आप्पा." त्यांनी हात केला. मी पण केला. बाटली अजून हातातच होती.

जंतू मारायचं औषध. त्याला माझा हात लागला होता, म्हणून ते औषध चाललं न्हाई. त्या दिवशी हे कळलं न्हाई असं सांगितलं तर ते खोटं होईल. गाडीला किक मारतानाच कळलं होतं. पण रस्ताभर मी मनातल्या मनात आप्पांची वकिली केली. म्हातारं माणूस आहे. भित्रं आहे. टीव्ही लई बघतंय. असं करत करत भाटघरच्या धरणापर्यंत आलो आणि पुढच्या पार्सलला फोन लावला.

ही करोनातली गोष्ट न्हाई, हे आधीच सांगतो. करोना जाऊन वर्षं झाली होती.

मी पार्सल पोचवतो. भोरमध्ये आमचं हब आहे. हब म्हंजे काय, भाड्याचं एक शटर आणि आत लोखंडी मांडण्या. सकाळी पुण्याहून टेम्पो येतो. आमी माल उतरवतो, लाईनप्रमाणं वाटून घेतो, स्कॅन करतो आणि सुटतो. राहायला मी किकवीला. आमी बौद्ध. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. पाट्या बदलल्या, सरकारी कागद बदलले, पण पार्सलच्या पत्त्यात लोक अजून असल्या वस्तीचं जुनं, जातीचं नाव टाकतात. अमक्यावाड्याच्या पुढं डावीकडं. मी तो पत्ता वाचतो आणि गाडी डावीकडं घेतो.

माझी लाईन भाटघरची. धरणाच्या भिंतीपासनं पाण्याच्या कडंकडंनं जाणारी गावं. हितं घराला नंबर न्हाई, गल्लीला नाव न्हाई. पत्ता असतो "दूध डेअरीच्या मागं, पिवळा बंगला". पिवळे बंगले तीन. फोन करावा तर रेंज न्हाई. म्हणून माणसं पाठ करावी लागतात. कोण दुपारचं रानात असतं, कुणाचं पार्सल किराणा दुकानात ठेवायचं, कुणाच्या नव्या साडीचं सासूला कळू द्यायचं न्हाई, सगळं डोक्यात. लोकं पण हुशार झालीत. मोबाईलवर माझी गाडी बघत बसतात. एक मावशी फोन करतात, "काय वो, वीस मिनिटं झाली, तुमी धरणावरच दिसताय. भजी खाताय व्हय?" मी खरंच भजी खात असतो. "तुमच्यासाठी बांधून आणू का?" म्हणतो. त्या हसतात. असं चालतं. मला आवडतं हे काम.

मिळतंजुळतं घेणारा माणूस म्हणून हबमध्ये माझं नाव होतं. आमचे सुपरवायझर, त्यांना आमी साहेब म्हणतो, नव्या लोकांना सांगायचे, ह्याच्याकडनं शिका, एक तक्रार न्हाई ह्याच्या नावावर. तक्रार म्हंजे साधी गोष्ट न्हाई. गिऱ्हाइकानं लिहून दिलं की आयडी बंद. आयडी बंद म्हंजे दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तरी माल आपल्या नावावर चढत न्हाई. मग घरी बसा. म्हणून मी जपायचो. लई जपायचो. एक तक्रार न्हाई, याचा मला गर्व होता. आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

आप्पांचं घर ज्या गावात आहे त्याचं नाव सांगत न्हाई. माझ्या आईचं माहेर आहे ते.

पैल्यांदा गेलो तेव्हा लॉकडाऊन नुकताच उठला होता. तोंडाला फडकी होती सगळ्यांच्या. आप्पा पायरीवर उभे होते.

"कुठला रं तू?"

"किकवीचा."

"किकवीत कुणाचा?"

मी आडनाव सांगितलं. खरं म्हंजे गरज नव्हती. ट्रॅकिंगमध्ये पार्सल कोण घेऊन येतोय त्याचं नाव येतं, आख्खं, आडनावासकट. वैनींच्या मोबाईलवर ते सकाळपासनं दिसत होतं. आप्पांना फक्त माझ्या तोंडनं ऐकायचं होतं.

"आरं, मग तू सखूचा पोरगा! हितल्याच सखूचा. म्हंजे आमच्या गावाचा भाचा झालास की."

मला लई बरं वाटलं. एवढ्या मोठ्या घरातला माणूस भाचा म्हणाला. मग आप्पांनी बोट दाखवलं. "पार्सल तितं ठिव, दगडावर. करोना हाय ना बाबा. सगळ्यांनाच तितं ठिवायला लावतो."

अंगणाच्या कडंला आंबा, आंब्याखाली दगड. गुडघ्याएवढा उंच, वरनं सपाट, मधी जरासा खोलगट. काळा, गुळगुळीत. मी ठेवलं पार्सल. सगळ्यांनाच, म्हणाले होते. तो एक शब्द मी पुढची सगळी वर्षं खिशात घालून फिरलो.

करोना गेला. फडकी गेली. लग्नं सुरू झाली, जत्रा सुरू झाल्या. आप्पा स्वतः जत्रंत मांडीला मांडी लावून पंगतीत जेवले, वैनींनी स्टेटसला फोटो टाकला होता, मी बघितला. दगड मात्र तसाच राहिला. फवारा पण राहिला. मी विचारलं न्हाई. विचारायचं सुचलंच न्हाई असं न्हाई, सुचलं होतं. पण आप्पा इतके गोड बोलायचे. "आई कशी हाय? पोरगी कितवीला? पाऊस हाय का तुमच्याकडं?" खालनं वर बघत मी उत्तरं द्यायचो. ते पायरीवर, मी अंगणात. माझी मान दुखायची कधीकधी. ती मान का दुखते, हे मी स्वतःला विचारलं न्हाई.

आणि ह्याच्या पुढचं सांगायला जीभ जड होते, पण सांगतो.

आमच्या ॲपमध्ये पत्त्याला टीप लिहायची सोय आहे. कुत्रं चावरं आहे, गेट मागनं आहे, असलं काहीबाही. जेणेकरून आपण रजेवर असलो तर दुसऱ्याला सोपं जावं. एकदा हबमध्ये निवांत बसलो होतो. आप्पांच्या पत्त्याला मी टीप लिहिली. "पार्सल अंगणातील दगडावर ठेवावे. पायरी चढू नये."

कुणी सांगितलं न्हाई मला. आप्पांनी न्हाई, वैनींनी न्हाई, साहेबांनी न्हाई. मी माझ्या अंगठ्यानं टाईप केलं. चांगल्या शुद्ध मराठीत. वाचून बघितलं, बरोबर वाटलं, सेव्ह केलं.

उन्हाळ्यात आप्पा आंबे द्यायचे. त्याच झाडाचे. पिशवी दगडावर ठेवायचे, वर जायचे आणि मग म्हणायचे, "घे रं भाच्या." मी घ्यायचो. घरी आलो की बायकोसमोर पिशवी ठेवून मोठ्या तोऱ्यात सांगायचो, "आप्पांनी दिलेत. लई मोठ्या मनाचा माणूस." एकदा तिनं आंबा नाकाजवळ धरला आणि म्हणाली, "ह्याला दवाखान्याचा वास येतोय." दगडावरच्या सॅनिटायझरचा वास होता तो. मी म्हणालो, "धुऊन घे की मग. फुकट मिळालंय तर त्यात पण खोड काढती." तिनं आंबा धुतला. पोरीनं आंबा चोखून खाल्ला. मी तिच्याकडं बघत बसलो आणि मला त्यात काही वावगं दिसलं न्हाई. अशी माझी अवस्था होती.

मग मला ताप आला. आठ दिवस अंथरुणाला खिळलो. माझी लाईन किरणनं केली.

किरण शिवऱ्याचा. गावच्या पाटलांच्या भावकीतला. चांगला पोरगा, माझा दोस्त. आमी एका डब्यात जेवतो. त्याच्या आईचं झणझणीत कालवण मी ओरपतो आणि माझ्या बायकोची भाकरी तो. ह्यात तिळमात्र खोट न्हाई, तेही सांगून ठेवतो.

मी कामावर परत आलो त्या सकाळी साहेबांनी हाक मारली. "तुझ्या त्या आप्पांच्या घरनं फोन होता. मिक्सरच्या भांड्याचं झाकण मागवलेलं, पोचलं असं दाखवतंय, पण त्यांना सापडत न्हाई. किरणनं दिलंय ते. त्याचे फोटो उघडून बघ, कुठं ठेवलंय."

साहेबांच्या कॉम्प्युटरवर पत्ता टाकला. त्या पत्त्यावर आजवर जेवढा माल गेला तेवढ्या सगळ्यांचे फोटो एकाखाली एक आले.

दगड. दगड. दगड. दगडावर खोकं, दगडावर पाकीट, दगडावर मोठा खोका आणि त्याला टेकून बारका. पावसातला ओला दगड. आंब्याचा मोहोर पडलेला दगड. एका फोटोत कोपऱ्यात माझ्या बुटाचं टोक. मी खाली खाली जात राहिलो. वर्षं उलटी जात होती आणि दगड हलत नव्हता.

मग वर आलो. शेवटच्या आठ दिवसांचे चार फोटो. किरणनं काढलेले.

पैला फोटो, व्हरांड्यातला टीपॉय. दुसरा, टीपॉय. तिसऱ्यात पार्सल झोपाळ्यावर, गादीच्या फटीत अर्धं गेलेलं. ते झाकण होतं. चौथ्यात परत टीपॉय, त्यावर पार्सल, आणि पार्सलशेजारी चहाचा कप. चिनी मातीचा, निळ्या फुलांचा. अर्धा प्यालेला.

मी त्या कपाकडं बघत बसलो. साहेब म्हणाले, "सापडलं का?" मी म्हणालो, "सापडलं. झोपाळ्याच्या गादीत आहे." वैनींना फोन करून तसं सांगितलं. त्यांना मिळालं. "थँक्यू हं दादा," म्हणाल्या. मी म्हणालो, "त्यात काय वैनी." आवाज माझा नेहमीसारखाच आला, ह्याचंच मला आश्चर्य वाटलं.

दुपारी किरण भेटला. मी विचारलं, "आप्पांच्या हितं वर गेलतास?"

"मग? पार्सल काय खालनं फेकू? आणि ती टीप कुणी टाकलीय रं? मी आप्पांना दाखवली, तर हसायला लागले. म्हणाले, ती तुझ्यासाठी न्हाई, ये वर."

"फवारा मारला का पार्सलवर?"

"कसला फवारा? करोनातली नाटकं आता कोण करतंय? चहा मात्र झकास पाजतात राव. तुला पण पाजत असतील की."

"पाजतात की," मी म्हणालो.

च्यायला, काय गरज होती? दोस्त होता माझा. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? पण तोंडातनं तेच आलं. पाजतात की. रोज पाजतात. वर आणखी म्हणालो, "आलं जास्त घालतात जरा." मी त्या घरचा चहा नुसता बघितला होता. फोटोत. एकदा. आणि त्यात आलं किती असतं ते मी किरणला सांगत होतो.

घरी गेलो. जेवलो न्हाई. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिला मी कधीच दगडाचं सांगितलं नव्हतं. आप्पा विचारतात, आंबे देतात, एवढंच सांगायचो. त्या दिवशी सगळं सांगितलं. फोटोचं, कपाचं, टिपेचं, बाटलीचं. आईचे हात थांबले.

"आंब्याखालचा दगड?" म्हणाली.

"व्हय."

"मधी खोल हाय का अजून?"

"तुला कसं म्हाईत?"

"भांडी ठिवून ठिवून झालाय तो तसा. सुगीला आमचं बलुतं त्या दगडावर ठिवायचे. धान्य. त्यांचं माणूस पायरी चढून वर गेलं की मग आमी उचलायचं. ताक मागायला गेलं तर तांब्या दगडावर ठिवायचा आन् लांब व्हायचं. वरनं वतायचे. मी परकर नेसत व्हते तवा. अर्धं ताक दगडावर सांडायचं."

आत पोरगी मोठ्यानं कविता पाठ करत होती. मग आई माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आमाला दुसरा विलाज नव्हता. तुला काय झालं व्हतं?"

परत शेंगा फोडायला लागली.

आईच्या आईबापांना पोट होतं आणि पायाखाली दुसरी जमीन नव्हती. मला शाळा होती, गाडी होती, कायदा होता, वस्तीत विहार होता. दरवर्षी जयंतीला कमान मी बांधतो. निळा फेटा बांधून पुढं नाचतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन आप्पांच्या दगडावर पार्सल ठेवतो. गावानं जो दगड सोडून दिला असता, तो मी मोबाईलमध्ये लिहून ठेवला. आप्पांवर मला राग आला, लई आला. पण त्या रात्री मला जी झोप लागली न्हाई ती आप्पांमुळं न्हाई. माझ्यामुळं.

सकाळी हबमध्ये पैलं काम केलं. ती टीप पुसली.

तीन दिवसांनी वैनींचा नवा मिक्सर आला. भारी माल होता, म्हंजे नुसत्या फोटोवर भागत न्हाई, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर ओटीपी जातो, तो नंबर त्यानं सांगायचा, मगच माल सोडायचा. खोका घेऊन अंगणात शिरलो. दगड डाव्या हाताला. पाय आपोआप तिकडं वळले. आईशप्पथ सांगतो, दोन पावलं गेलो पण. सवय काय असते ते तेव्हा कळलं. थांबलो. वळलो. पायरीवर पाय ठेवला.

वाघ मारायला निघालो नव्हतो, तीन पायऱ्या चढायच्या होत्या. एक. दोन. तीन. व्हरांड्यात खोका टीपॉयवर ठेवला.

"अहो दादा!" वैनी आतनं धावत आल्या. "दगडावर ठेवायचं ना."

"हितं ठेवलंय वैनी. ओटीपी सांगा."

आप्पा झोपाळ्यावर बसले होते. झोपाळा थांबला. "काय रं, आज वर?"

"किरण पण वरच येत होता, आप्पा."

"त्याचं येगळं."

"काय येगळं?"

आप्पा म्हणाले, "आरं, करोनापासनं आपली पद्धत हाय ती. तुला म्हाईत न्हाई का?"

"करोना एकट्या मलाच झाला व्हता का?"

माझा आवाज फाटला. मला वाटलं होतं मी ठणकावून बोलेन. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एक आठवेना. आप्पांचा चेहरा मात्र बदलला. इतक्या वर्षांत तो चेहरा मी बघितला नव्हता.

"तोंड लई सुटलं की तुझं. भाचा म्हणतो तुला. दरसाल आंबे दिले. ते तरी आठव."

"दिले. दगडावर दिले."

"आईला इचार जा तुझ्या. सखूला इचार. ह्या घरानं तुमाला कधी रिकाम्या हातानं धाडलं का?"

"इचारलं, आप्पा," मी म्हणालो. "म्हणूनच वर आलो."

वैनींच्या हातात मोबाईल होता. ओटीपी आलेला होता, मला उजेड दिसत होता पडद्याचा. त्यांनी सासऱ्यांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "पैलं खाली जा. दगडावर ठिव. मग सांगंल ती नंबर."

माल माझ्या ताब्यात होता. नंबर त्यांच्या. खाली जाऊन ठेवला असता तर दोन मिनिटांचं काम. तक्रार न्हाई, भांडण न्हाई, आयडी शाबूत, पोरीची फी, आईची औषधं, सगळं शाबूत. दोन मिनिटं. मी टीपॉयवरचा खोका उचलला.

"दादा, माझा मिक्सर..." वैनी हळूच म्हणाल्या. त्यांचा तरी काय दोष म्हणावं? पण नंबर त्यांच्याच हातात होता, हे पण खरं.

"माफ करा वैनी," मी म्हणालो आणि पायऱ्या उतरलो.

माफ करा! बघा. एवढं करून शेवटी माफी मागून आलो. तोंडातनं निघूनच गेलं. धरणाच्या भिंतीपाशी गाडी लावली, मोबाईल काढला आणि नोंद केली: ग्राहकाने माल नाकारला. दोनदा चुकीचं बटण दाबलं.

संध्याकाळी हबला पोचायच्या आधी तक्रार पोचली होती. माझ्या नावावरची पैली. "डिलिव्हरी करणाऱ्याने घरात घुसून ज्येष्ठ नागरिकाशी उद्धट वर्तन केले." घरात घुसून. तीन पायऱ्या चढून उघड्या व्हरांड्यात उभा राहिलो, त्याचं नाव घुसणं.

साहेब माणूस वाईट न्हाई. खुर्ची ओढून दिली. म्हणाले, "फोनवर सॉरी म्हण, मी मिटवतो. न्हाईतर असं कर, तू वेल्ह्याची लाईन घे. भाटघर किरण करंल. त्यांना पण ताप न्हाई, तुला पण न्हाई. आणि हे बघ, केसबिस काही डोक्यात घेऊ नको. हबचं नाव जातं."

सगळ्यांची सोय होती त्यात. किरण वर जाणार, चहा पिणार. दगड रिकामा राहणार, माझ्या नावाचा. मी वेल्ह्याच्या डोंगरात गाडी पळवणार आणि लोकांना सांगणार, मीच लाईन बदलून घेतली.

किरण दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. "तू तर म्हणाला होतास, चहा पाजतात," तो म्हणाला.

"खोटं बोललो."

"का पण?"

"लाज वाटली."

"लाज तुला का वाटावी?"

असं सगळे म्हणतात. बायको पण म्हणाली. लाज त्यांना वाटाय पाहिजे. बरोबर आहे, त्यांना वाटायलाच पाहिजे, आणि वाटत न्हाई हे पण मी बघितलं. पण माझी मला वाटते ती खोटी न्हाई. एवढी वर्षं मी वाकलो आणि त्याला मिळतंजुळतं घेणं म्हणालो. ती टीप माझ्या हातची होती. किरणला म्हणालो, "टीप तू वाचली व्हतीस. आप्पा म्हणाले, तुझ्यासाठी न्हाई. मग कुणासाठी, हे तू का न्हाई इचारलंस?" दोस्ती तुटली न्हाई आमची. पण दुसऱ्या दिवशी डबा त्याचा त्यानं खाल्ला, माझा मी.

साहेबांना सांगितलं, "सॉरी म्हणणार न्हाई. लाईन बदलणार न्हाई. खुलासा लेखी देतो."

लिहिला. रात्रभर न्हाई, तितंच बसून, साहेबांच्या टेबलावर. घडलं तसं. टीप मीच टाकली होती हे पण लिहिलं, ते लपवलं न्हाई. सोबत फोटो जोडले. माझे दगडाचे सगळे, आणि किरणचे चार. कपाचा सगळ्यात वर ठेवला. फोटोखाली एक ओळ न्हाई, शेरा न्हाई. ज्याला डोळे आहेत त्याला दिसंल. एक प्रत साहेबांना, एक माझ्या डिकीत. ती कुठं लागंल तितं जाईल. साहेब केसबिस म्हणाले होते, मी त्यावर हो पण म्हणालो न्हाई आणि न्हाई पण म्हणालो न्हाई.

वरून अजून उत्तर आलेलं न्हाई. आयडी चालू आहे. कधी बंद होईल सांगता येत न्हाई. रोज सकाळी टेम्पो आला की पैलं स्कॅन करताना मी मशीनकडंच बघत राहतो, ते टीं करतं आणि मग मी गाडी भरायला घेतो.

आज सकाळी पण टीं केलं. आणि मालात तोच मिक्सर आहे. वैनींनी परत मागवलाय. तेच नाव, तोच पत्ता, खाली टिपेची जागा रिकामी. ह्या घटकेला त्यांच्या मोबाईलवर दिसत असंल, पार्सल निघालंय म्हणून. कोण घेऊन येतंय ते पण दिसत असंल, आडनावासकट. आप्पा झोपाळ्यावर असतील. बाटली भरलेली असंल.

आईला फोनवर सांगून निघालो. ती म्हणाली, "पडू नको." एवढंच.

तीन पायऱ्या आहेत. वर घेतला तर मिक्सर त्यांचा. न्हाई घेतला तर तो परत जाईल, परत येईल, परत जाईल, मला काढून टाकेपर्यंत. त्या दगडावर आता माझ्या हातनं काही ठेवलं जाणार न्हाई.